रविवारचे पावित्र्य राखणारा धावपटू

आज ईस्टर. वधस्तंभावर प्राणार्पण केलेले प्रभू येशू तिसऱ्या दिवशी मृत्यूवर जय मिळवून उठले, त्या घटनेचा हा उत्सव. ती पहाट आठवड्याच्या पहिल्या दिवसाची होती. यहुदी लोकांचा पवित्र विश्रामदिन शनिवार. परंतु येशूच्या अनुयायांनी पुनरुत्थानाच्या स्मरणार्थ रविवार हाच प्रभूचा दिवस मानला. त्या अर्थाने वर्षातला प्रत्येक रविवार हा ख्रिस्ती माणसाचा एक लहानसा ईस्टरच होय. इतरांच्या लेखी मात्र रविवार म्हणजे कचेरीला सुट्टी आणि दुपारची झोप. या दिवसाची थोरवी खरोखर मानायची तर त्यापायी माणसाने काय सोडावे आणि कितपत सोडावे, हा प्रश्न एका तरुण धावपटूपुढे १९२४ साली उभा राहिला. सुमारे वीस वर्षांनी एका बंदिछावणीत तोच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा त्याच्यापुढे आला. त्याने दोन्ही वेळा दिलेली उत्तरे वरवर परस्परविरोधी वाटतात. ती तशी आहेत काय, याचा विचार आजच्या दिवशी करावा म्हणून एरिक लिडेल यांचे हे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एरिक लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएन्त्सिन, म्हणजे आजचे तिआनजिन, या शहरी झाला. वडील रेव्हरंड जेम्स लिडेल हे स्कॉटलंडचे. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते चीनमध्ये धर्मकार्य करीत. त्या काळच्या मिशनरी कुटुंबांच्या रीतीप्रमाणे एरिक आणि त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट यांना शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये ठेवण्यात आले. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहयुक्त शाळेत एरिक दाखल झाला, तेव्हा तो अवघा सहा वर्षांचा होता. आईवडील परत चीनला गेले. मातापित्यांच्या सहवासाची उणीव या मुलाने मैदानावर भरून काढली असावी, असे वाटते. शाळेच्या रग्बी आणि क्रिकेट या दोन्ही संघांचे नेतृत्व पुढे त्याच्याकडे आले.

१९२० साली लिडेल एडिंबरो विद्यापीठात विज्ञानाच्या अभ्यासासाठी गेले. ज्यांच्या नावाने मुंबईतील विल्सन कॉलेज आजही ओळखले जाते, ते डॉ. जॉन विल्सन याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. येथे लिडेल यांच्या पायांतील वेग सर्वांच्या ध्यानी आला. १९२२ आणि १९२३ या दोन वर्षांत ते स्कॉटलंडकडून सात आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळले. पुढे रग्बी सोडून त्यांनी सारे लक्ष धावण्याकडे वळविले. १९२३ च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली आणि २२० यार्डांचीही जिंकली. त्यांची धावण्याची ढब मात्र कोणत्याही शिक्षकाने नापसंत करावी अशी होती. शर्यत रंगात आली की मान मागे कलायची, तोंड उघडे पडायचे आणि हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरू लागायचे.

त्याच वर्षी जुलै महिन्यात स्टोक येथे घडलेला प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा आहे. ४४० यार्डांच्या शर्यतीत पहिल्या काही पावलांतच धक्का लागून ते धावपट्टीबाहेर कोसळले. उठेपर्यंत बाकीचे धावपटू सुमारे वीस यार्ड पुढे निघून गेले होते. लिडेल उठले, धावले आणि एकेकाला मागे टाकीत शर्यत जिंकूनच थांबले. अंतिम रेषा ओलांडल्यावर त्यांच्यात उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते.

लिडेल हे हौशी धावपटू होते. धावण्यातून द्रव्यार्जन करावे हा विचारही त्यांना शिवला नाही. आपल्या कीर्तीचा त्यांनी एकच उपयोग केला. एप्रिल १९२३ मध्ये, डी. पी. टॉमसन या तरुण धर्मप्रचारकाच्या आग्रहावरून, आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी ते आपल्या श्रद्धेविषयी प्रथमच जाहीरपणे बोलले. मूळचा संकोची स्वभाव, वक्तृत्वाचा अभाव. तरीही त्यांच्या साध्या बोलण्यातील सचोटी श्रोत्यांना भिडली. त्यानंतर शनिवारी मैदान आणि रविवारी प्रार्थनामंदिर असा त्यांचा क्रमच होऊन गेला.

१९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरणार होते. १०० मीटरच्या शर्यतीत ब्रिटनची मोठी आशा लिडेल यांच्यावर होती. सामन्यांचे वेळापत्रक हाती आले, तेव्हा त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलै रोजी असल्याचे दिसून आले. लिडेल यांनी नकार दिला. १९८१ साली निघालेल्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या गाजलेल्या चित्रपटात ही गोष्ट त्यांना बोटीवर चढताना कळते, असे दाखविले आहे. वस्तुतः ती त्यांना कित्येक महिने आधी ठाऊक होती आणि त्यांचा निर्णयही तेव्हाच झालेला होता. दोन सांघिक शर्यतींच्या अंतिम फेऱ्या त्यानंतरच्या रविवारी, १३ जुलै रोजी होत्या. त्यांतूनही त्यांनी आपले नाव काढून घेतले. त्या दोन्ही शर्यतींत ब्रिटिश संघांना पदके मिळाली, एक रौप्य आणि एक कांस्य. तेव्हा हा त्याग नुसता बोलण्यापुरता नव्हता, हे उघड आहे.

देशाच्या मानापेक्षा स्वतःचा नेम मोठा मानणारा हा हटवादी तरुण आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. लिडेल यांनी वाद घातला नाही, रागही धरला नाही. रविवारी धावणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी कधी दूषण दिल्याचेही ऐकिवात नाही. १०० मीटरची शर्यत त्यांच्याच संघातील हॅरॉल्ड अब्राहम्स यांनी जिंकली. लिडेल यांनी त्या काही महिन्यांत ४०० मीटरची तयारी केली. वस्तुतः हे अंतर त्यांचे नव्हे. शंभर मीटर हा वेगाचा खेळ, तर चारशे मीटरमध्ये वेगाबरोबर दमही लागतो.

२०० मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. ४०० मीटरची अंतिम फेरी शुक्रवारी, ११ जुलै रोजी कोलोंब येथील मैदानावर झाली. त्या दिवशी सकाळी संघाच्या मालीशवाल्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, अशा आशयाच्या जुन्या करारातील वचनाची तीत आठवण होती. लिडेल यांच्या वाट्याला सर्वांत बाहेरची धावपट्टी आली. तेथून इतर स्पर्धक दिसत नाहीत. आपण पुढे आहोत की मागे, हे कळण्यास मार्ग नसतो. त्यांनी पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत तोडले, तेव्हा हा मनुष्य शेवटपर्यंत टिकणे नाही, असेच जाणकारांना वाटले असणार. पण मान मागे गेली, हात फिरू लागले आणि ४७.६ सेकंदांत त्यांनी फीत तोडली. तो ऑलिंपिकचा नवा विक्रम होता. दुसरे आलेले अमेरिकेचे होरेशियो फिच त्यांच्या बरेच मागे होते.

काही दिवसांतच एडिंबरो विद्यापीठाचा पदवीदान समारंभ झाला. पदवी स्वीकारण्यास लिडेल पुढे झाले, तेव्हा प्राचीन ग्रीक विजेत्यांप्रमाणे त्यांच्या मस्तकावर रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट चढविण्यात आला आणि विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. ग्रीकांच्या शर्यती पाहिलेल्या जगात वावरणाऱ्या संत पौलाने आपल्या पत्रांत धावपटूचा दृष्टांत दिला आहे. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावपटू इतके कष्ट सोसतो, तर न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी भक्ताने किती सोसावे, असा त्याचा भावार्थ. डोक्यावर पानांचा मुकुट असताना लिडेल यांना तो आठवला असल्यास नवल नाही. कारण वर्षभरातच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना ते सारे सोडून चीनला निघून गेले.

तिएन्त्सिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकविले आणि मुलांना खेळांची गोडी लावली. १९३२ साली त्यांनी पाळकाची दीक्षा घेतली. १९३४ साली कॅनेडियन मिशनरी घराण्यातील फ्लॉरेन्स मॅकेंझी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३७ साली चीन-जपान युद्धाचा वणवा पेटला, आणि त्याच सुमारास शहरातील स्थिर जीवन सोडून ते शाओचांग या खेड्याकडील मिशन केंद्रात गेले. तेथील रुग्णालयात थोरले बंधू रॉबर्ट डॉक्टर होते. एकीकडे जपानी सैन्य, दुसरीकडे चिनी सैनिकांच्या टोळ्या, मध्ये उपासमारीने गांजलेला शेतकरी. अशा मुलखात लिडेल पायी आणि सायकलवरून हिंडत. १९३९ मध्ये एका पडक्या देवळात पडून असलेल्या जखमी सैनिकाला गाडीत घालून आणताना, शिरच्छेदाच्या तलवारीचा घाव मानेवर बसूनही जिवंत राहिलेला आणखी एक मनुष्य त्यांना आढळला. त्यांनी दोघांनाही रुग्णालयात पोहोचविले. सैनिक दगावला, दुसरा वाचला. तो चित्रकार होता. कृतज्ञतेपोटी त्याने लिडेल यांना फुलांचे एक चित्र काढून दिले.

१९४१ साली धोका वाढला, तेव्हा लिडेल यांनी गरोदर पत्नीला आणि दोन लहान मुलींना कॅनडाला पाठविले. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिचे मुख पाहण्याचे भाग्य पित्याला लाभले नाही. मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी इतर परदेशीयांबरोबर त्यांना वेईशिएन येथील छावणीत डांबले. एका जुन्या मिशनच्या आवारात सुमारे दीड हजार माणसे कोंबली होती. अन्न अपुरे, जागा अपुरी, आणि भिंतीपलीकडे काय चालले आहे याची वार्ता नाही. आईवडिलांपासून दुरावलेली शाळकरी मुलेही तेथे होती. सहाव्या वर्षी मातापित्यांना अंतरलेल्या लिडेल यांना त्या मुलांचे दुःख वेगळे सांगावे लागले नाही. ते सर्वांचे एरिक काका झाले. प्रयोगशाळा नव्हती म्हणून उपकरणांची चित्रे काढून त्यांनी रसायनशास्त्र शिकविले, वृद्धांसाठी पाणी आणि कोळसा वाहिला, मोडलेल्या हॉकीच्या काठ्यांना चादरीच्या पट्ट्या गुंडाळून त्या पुन्हा खेळण्याजोग्या केल्या. इतर झोपेत असताना, भुईमुगाच्या तेलाच्या दिव्याच्या उजेडात, पहाटेची प्रार्थना मात्र कधी चुकली नाही.

येथेच रविवारचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. छावणीत रविवारी खेळ होऊ नयेत, असे लिडेल यांचे मत होते. त्यांनी घेतलेले खेळ आठवड्याच्या इतर दिवशीच होत. एका रविवारी कंटाळलेल्या मुलांनी आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच नसल्याने त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. लिडेल यांनी काय करावे? उपदेश करणे सोपे होते, आणि तो करण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता! पुढच्या रविवारी मुले मैदानात जमली, तेव्हा लिडेल शिटी घेऊन पंच म्हणून उभे होते.

ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकचे पदक सोडले, त्याने काही पोरांच्या खेळासाठी रविवार सोडला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये नेम मोडला असता तर लाभ त्यांचा स्वतःचा होता. वेईशिएनमध्ये नेम धरून बसले असते तर हानी त्या मुलांची होती. स्वतःच्या लाभासाठी जो नियम तसूभर ढळू द्यायचा नाही, तोच दुसऱ्याच्या गरजेपुढे नम्रपणे बाजूला ठेवायचा, या दोन्हींच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्याला प्रभू येशूंनी बरे केले आणि नियमाचे अभिमानी संतापले, ही शुभवर्तमानातील कथा लिडेल यांनी अनेकदा वाचली असणार. त्या दिवशी शिटी हाती घेऊन त्यांनी ती आचरली.

शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञाही त्यांनी अशीच पाळली. छावणीतील जपानी पहारेकऱ्यांसाठी आपण प्रार्थना करावी, असे ते मुलांना सांगत. स्टीफन मेटकाफ या मुलाला त्यांनी थंडीच्या दिवसांत आपले झिजलेले, दोऱ्याने सांधलेले धावण्याचे बूट दिले. युद्धानंतर हाच मुलगा मिशनरी होऊन जपानमध्ये गेला आणि तेथेच त्याने आयुष्याचा मोठा काळ सेवेत वेचला.

१९४५ च्या आरंभी लिडेल यांचे डोके असह्य दुखू लागले. अतिश्रमाचा परिणाम, असे प्रथम वाटले. २१ फेब्रुवारीला त्यांनी पत्नीला पत्र लिहिले. त्याच सायंकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय अवघे त्रेचाळीस. मेंदूत गाठ होती, हे मृत्यूनंतर उघड झाले. त्यांच्या थडग्यावर साधा लाकडी क्रूस रोवला गेला आणि त्यावर बुटाच्या पॉलिशने नाव लिहिण्यात आले. पुढे सहा महिन्यांच्या आतच, १७ ऑगस्ट रोजी, छावणी मुक्त झाली. एडिंबरो विद्यापीठाने १९९१ साली स्कॉटलंडचा ग्रॅनाइट दगड आणून तेथे त्यांचे स्मारक उभारले. छावणीतील सहबंदी आणि पुढे नामवंत धर्मतत्त्वज्ञ झालेले लँग्डन गिल्की यांनी १९६६ साली छावणीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात धार्मिक म्हणविणाऱ्या अनेकांच्या स्वार्थावर त्यांनी कठोर प्रहार केले आहेत. नाव बदलून वर्णिलेल्या लिडेल यांच्याविषयी मात्र त्यांची लेखणी आदराने लवते.

आता मोठमोठ्या शर्यती बहुधा रविवारी पहाटेच भरतात. हजारो हौशी धावपटू त्यांत आनंदाने धावतात, आणि त्यांत श्रद्धावान ख्रिस्ती स्त्रीपुरुषही असतात. लिडेल यांनी त्यांना दोष दिला नसता, हे त्यांच्या चरित्रावरून सहज कळते. व्रत कोणते घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. व्रत खरे की अभिमानाचे, हे मात्र त्याची किंमत कोण मोजतो यावरून ठरते. लिडेल यांनी आपल्या व्रताची किंमत नेहमी स्वतः मोजली, दुसऱ्यास कधी मोजू दिली नाही.

पुनरुत्थानाच्या या मंगल रविवारी आमच्या सर्व वाचकांना ईस्टरच्या हार्दिक शुभेच्छा.