सव्वा लाखापेक्षा कमी मतांनी जिंकलेले केनेडी, आणि त्यांची पहिली सही

अमेरिकेचे ३५वे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा जन्म २९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन गावी झाला. घर गडगंज श्रीमंत. गरिबी म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिलं ते १९६० साली, मतं मागायला फिरताना.

पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी ते वेस्ट व्हर्जिनिया या कोळसा खाणींच्या डोंगराळ राज्यात गेले. खाणींत यंत्रं आली होती, हजारो मजुरांचं काम गेलं होतं. कित्येक घरांची चूल सरकारी धान्यावर पेटायची. केनेडी कॅथलिक आणि मतदार बहुतेक प्रोटेस्टंट, त्यामुळे इथं त्यांचं जमणार नाही, असं अनेकांना वाटत होतं. पण १० मे रोजी लोकांनी त्यांनाच कौल दिला.

८ नोव्हेंबरला रिचर्ड निक्सन यांच्याशी लढत झाली. जवळपास ६ कोटी ८८ लाख मतं पडली आणि केनेडींची आघाडी सव्वा लाखाच्याही आत राहिली. वय अवघं ४३. एवढ्या कमी वयात निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष त्याआधी नव्हता.

२० जानेवारी १९६१ ला शपथ झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहिल्या आदेशावर सही केली. गरीब कुटुंबांना मिळणारं सरकारी धान्य वाढवण्याचा तो आदेश होता. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल जिल्ह्यापासून धान्याच्या कूपनांचा प्रयोग सुरू झाला. किमान मजुरी तासाला १ डॉलरवरून टप्प्याटप्प्यानं सव्वा डॉलर करण्याचा कायदाही झाला.

मोठी कामं मात्र संसदेत अडकली. म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याच्या खर्चाचं विधेयक १९६२ मध्ये पडलं. त्यांच्याच पक्षाचे दक्षिणेकडचे खासदार आडवे यायचे. त्यांना दुखवायचं कसं, म्हणून काळ्या लोकांच्या समान हक्काचं मोठं विधेयक आणायला केनेडींनी जून १९६३ उजाडू दिला. या उशिराबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती खोटी नव्हती.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलस शहरात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वय ४६.

अडकलेली कामं पुढचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मार्गी लावली. समान हक्काचा आणि कूपनांचा कायदा १९६४ मध्ये झाला, वृद्धांच्या औषधोपचाराचा १९६५ मध्ये. नाव बदललं, कागदी कूपनाच्या जागी कार्ड आलं, पण गरिबाच्या घरी धान्य पोचवणारी ती योजना अमेरिकेत आजही चालू आहे.