डॉ. फ्रेडरिक बँटिंग

मुलांनो, १४ नोव्हेंबर हा दिवस तुम्ही बालदिन म्हणून साजरा करता. याच दिवशी जगभर मधुमेह दिनही पाळतात. का बरे? कारण १८९१ साली या दिवशी कॅनडातील एका शेतकऱ्याच्या घरी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला.

त्या काळी मधुमेहावर औषध नव्हते. हा रोग झालेल्या मुलांना डॉक्टर अगदी थोडे अन्न देत. तरी ती वाळत जात आणि दगावत.

बँटिंग डॉक्टर झाले. स्वादुपिंडाच्या अर्कात या रोगावर उपाय सापडेल, असे त्यांना वाटले. १९२१ साली टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांनी त्यांना प्रयोगशाळा दिली. बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्र्यांच्या रक्तातील साखर कमी झाली.

जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इंजेक्शन दिले. तो मरणाच्या दारात होता. पहिल्या वेळी गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. बारा दिवसांनी पुन्हा इंजेक्शन दिले आणि मुलगा सावरला! तो आणखी १३ वर्षे जगला. हे औषध म्हणजेच इन्सुलिन.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा वाटा बेस्टला दिला. औषधाचे हक्क विकून हे संशोधक श्रीमंत झाले असते. पण त्यांनी ते प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिले.

१९४१ साली विमान अपघातात बँटिंग यांचे निधन झाले. इन्सुलिनने मधुमेह कायमचा जात नाही. पण ते नियमित घेऊन असंख्य मुले आज तुमच्यासारखीच शिकतात आणि खेळतात.