अणुगर्भाचा कथाकार : जॉर्ज गॅमॉव

पदार्थविज्ञानाचा तास सुरू झाला कीं वर्गांतील कांहीं डोळे मिटूं लागतात, हें आमच्या विद्यार्थी-वाचकांस ठाऊकच आहे. अशा पेंगणाऱ्या श्रोत्यासच ज्यांनीं आपल्या ग्रंथाचा नायक केलें, त्या जॉर्ज गॅमॉव यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

गॅमॉव यांचा जन्म ४ मार्च १९०४ रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं झाला. आईबाप दोघेही शिक्षक. परंतु नवव्या वर्षींच मातेचें छत्र हरपलें. १९२८ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांनीं एक मोठें कोडें सोडविलें. अणुगर्भांतील अल्फाकण जणूं उंच तटाआड कोंडलेला असतो. तट ओलांडण्याइतकी शक्ति त्याजपाशीं नसतां रेडियममधून तो बाहेर पडतो कसा? हा कण लहरीप्रमाणेंही वागतो. म्हणून तट न चढतांही पलीकडे निघण्याची अल्पशी शक्यता त्यास असते, असें त्यांनीं गणितानें दाखविलें.

पुढें मायदेशीं विचारांवर बंधनें आलीं. परदेशीं जाण्याची परवानगी मिळेना. १९३२ सालीं पत्नीसह एका लहानशा होडींतून काळा समुद्र ओलांडण्याचें साहस त्यांनीं केलें, पण वाऱ्यानें त्यांस परत लोटलें. अखेर १९३३ सालीं ब्रुसेल्सच्या परिषदेस गेलेलें हें दांपत्य परतलें नाहीं. १९३४ पासून गॅमॉव अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें शिकवूं लागले.

तेथें त्यांनीं टॉम्पकिन्स नामक बँकेंतील कारकुनाची गोष्ट लिहिली. हा गृहस्थ व्याख्यान ऐकतां ऐकतां झोपीं जातो. स्वप्नांतल्या जगांत प्रकाशाचा वेग इतका मंद, कीं साधा सायकलस्वारही त्यास चपटा दिसतो! नियतकालिकांनीं ही गोष्ट साभार परत केली. १९३८ सालीं इंग्लंडांतील एका मासिकानें ती छापली. १९४० सालीं पुस्तक निघालें. दुसऱ्या पुस्तकांत तोच कारकून अणूच्या अंतरंगांत उतरतो.

१९५६ सालीं गॅमॉव यांस युनेस्कोचें कलिंग पारितोषिक मिळालें. ओरिसाचे बिजू पटनाईक यांच्या देणगीनें तें स्थापन झालें होतें, हें आम्हां भारतीयांस भूषणावह होय. १९ ऑगस्ट १९६८ रोजीं अमेरिकेंतील बोल्डर येथें त्यांचें निधन झालें.

अणुगर्भाचें कोडें उकलणाऱ्या या पंडितास सामान्य कारकुनासाठीं गोष्ट लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं. झोंपाळूस दोष न देतां ते त्याच्या स्वप्नांत शिरले. कठीण विषय समोर येतांच धीर सोडणाऱ्या मुलांनीं, तसेंच त्यांस रागें भरणाऱ्या वडील मंडळींनीं, हें अवश्य ध्यानीं ठेवावें.