आपलंच नाव विकून बसलेला ड्रमवाला

वरातीत नाचताना तुमचं लक्ष कुणाकडे असतं? ट्रम्पेटवाल्याकडे. मोबाइलमध्ये व्हिडिओही त्याचाच निघतो. पण त्याच्या बाजूला गळ्यात पट्टा अडकवून एकजण उभा असतो, कमरेपाशी चपटा ड्रम, हातात दोन काड्या. तो थांबला की तुमचे पाय थांबतात. बॅण्डवाले त्या वाद्याला साइड ड्रम म्हणतात, तुमच्या कॉलेजच्या रॉक बॅण्डमध्ये तोच ‘स्नेअर’ होतो. दौंडकरांनो, राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट तुमच्याच गावात, तेव्हा परेड तुम्हाला नवीन नाही. परेडमधली पावलंही हाच ड्रम पाडतो. आणि ज्याला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात, त्या शिरूरला तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कंपनी सरकारची छावणी होती. पायदळ आलं की त्याच्याबरोबर ड्रम वाजवणारेही आलेच.

या ड्रमच्या खालच्या पानाला तारांची एक पट्टी टेकलेली असते. वरच्या पानावर काडी पडली की खालचं पान थरथरतं, तारा त्याच्यावर आपटतात आणि तो ‘खर्र’ आवाज येतो. बस, एवढंच यंत्र. या साध्या यंत्रापायी एका माणसाने अख्खं आयुष्य घातलं. नाव विल्यम लुडविग. तुम्ही बीटल्सचा एखादा जुना व्हिडिओ पाहिला असेल, तर रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवर हे नाव वाचलंही असेल.

विल्यमचा जन्म १८७९ चा, जर्मनीतल्या नेन्डेरोथ नावाच्या खेड्यातला. तो आठेक वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत शिकागोला आले. वडील ट्रॉम्बोन वाजवायचे. पोराने व्हायोलिन शिकावं असं त्यांना वाटायचं, पोराचा जीव मात्र ड्रममध्ये. (आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि तबला यांचं जे होतं, तेच.) पुढे सर्कस, स्केटिंगचे हॉल, नाटकाची थिएटरं, मिळेल तिथे तो वाजवत राहिला.

१९०८ च्या सुमाराला एका थिएटरमध्ये त्याची पंचाईत झाली. गाणी नव्या चालीची, रॅगटाइमची, वेग जास्त. तेव्हा बरेच ड्रमर एकाच हाताने स्नेअर आणि मोठा ड्रम आलटून पालटून वाजवायचे. पायाने मारायचे पेडल बाजारात होते, पण ते सुस्त, गाण्याच्या मागे पडायचे. विल्यमने लाकूड तासून स्वतःच एक पेडल केलं. जमिनीवर ठेवायचं, पायाने दाबायचं, पुढचा गोळा थोडंच अंतर कापून ड्रमवर आपटणार. ते पाहून इतर ड्रमर मागायला लागले. १९०९ मध्ये विल्यम आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी मिळून ‘लुडविग अँड लुडविग’ सुरू केलं. विल्यम ऑर्केस्ट्रात वाजवून पैसे आणायचा, थिओबाल्ड दुकान बघायचा आणि मेहुणा रॉबर्ट डॅनली, जो इंजिनिअर होता, लाकडी नमुन्याचं लोखंडी पेडल करून द्यायचा.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत थिओबाल्ड गेला. कंपनीच्या नावातला दुसरा लुडविग उरला नाही, धंदा मात्र वाढत गेला. मूकपटांचे दिवस होते. पडद्यावर घोडा धावला की खाली ड्रमर टापा वाजवणार, वीज पडली की गडगडाट करणार. गावोगावच्या थिएटरांत ड्रमरला नोकरी होती आणि त्याला लागणारं सगळं सामान लुडविग विकत होता. पितळी खोडाचे, वर काळा मुलामा देऊन नक्षी कोरलेले त्याचे ‘ब्लॅक ब्यूटी’ स्नेअर १९२० च्या दशकातले. आजही जुना माल जमवणारे त्यांच्यामागे वेडे आहेत.

मग १९२७ मध्ये सिनेमा बोलायला लागला. टापा आता पडद्यातूनच ऐकू येणार म्हटल्यावर थिएटरमधल्या ड्रमरची गरजच संपली. (एआयमुळे आपली नोकरी जाईल का, असं तुम्ही कॅन्टीनमध्ये बोलता ना? हे त्या पिढीचं तसंच होतं.) वर १९२९ ची मंदी. त्याच वर्षी विल्यमने कंपनी वाद्यं बनवणाऱ्या ‘कॉन’ या मोठ्या कंपनीच्या हाती दिली. कारखाना शिकागोतून इंडियानातल्या एल्कार्टला हलला. तोही तिथे नोकरीला राहिला. आपल्याच नावाच्या ड्रमवर आता दुसऱ्यांचे निर्णय चालायचे, आणि त्याचं मन तिथे रमेना.

१९३६ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षी शिकागोत नवा कारखाना काढला. मुलगा, तोही विल्यमच, सोबत आला. वय ५८ होत आलेलं. आपल्याकडे या वयाला लोक निवृत्तीची तारीख मोजतात. आणि अडचण अशी, की त्याला ड्रमवर ‘लुडविग’ लिहिता येईना. ते नाव कॉनने विकत घेतलं होतं. मग त्याने फक्त आद्याक्षरं ठेवली, ‘डब्ल्यूएफएल’. जरा विचार करून बघा, दुकानात एका बाजूला तुमच्या नावाचा ड्रम, जो तुम्ही बनवलेला नाही, आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही बनवलेला, ज्याच्यावर तुमचं नाव नाही. गिऱ्हाइकाने काय ओळखायचं? त्यात दुसरं महायुद्ध आलं, धातूवर बंदी घातली गेली. स्क्रू अडकवायच्या खुंट्याही लाकडाच्या करून त्याने कारखाना चालू ठेवला.

नाव नसलं तरी खोड बोलतं, असं मला हे वाचताना वाटलं. त्या काळच्या बऱ्याच लाकडी ड्रमचं खोड तीन पातळ थरांचं, आतून वर-खाली लाकडाच्याच जाड रिंगा बसवलेल्या. जुन्या खोडापासून नवा स्नेअर बनवणारे जगभरचे हौशी लोक असलीच खोडं शोधत फिरतात. तुमच्या हाती एखादं आलं, तर आधी सगळं सामान काढून ते सपाट काचेवर ठेवा, आत टॉर्च लावा आणि खोलीत अंधार करा. कडेखालून जिथे उजेड गळेल, तिथे कड वाकडी आहे, पान तिथे नीट बसणार नाही आणि सूर लागणार नाही. कड घासून सरळ करायची. खालच्या कडेला समोरासमोर दोन ठिकाणी अगदी उथळ खोलगट भाग असतो, तारा तिथून जातात. तो घासून सपाट केलात तर तारा पानाला नीट टेकणार नाहीत आणि ‘खर्र’ बिघडलं. इथे घाई केली की खोड फुकट जातं, लाकूड परत भरता येत नाही. पान, तारा, रिम हे सगळं नवं मिळतं.

१९५५ मध्ये विल्यमने कॉनकडून आपलं नाव परत विकत घेतलं. नाव जाऊन पाव शतक उलटलं होतं. तो पंचाहत्तरी ओलांडलेला. ड्रमवर पुन्हा ‘लुडविग’ आलं आणि नऊ वर्षांनी, ९ फेब्रुवारी १९६४ ला, अमेरिकेतल्या टीव्हीवर बीटल्स वाजवायला आले. साधारण ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला आणि प्रत्येकाला रिंगोच्या ड्रमवर ते नाव दिसलं. मागणी इतकी वाढली, की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. ८४ वर्षांच्या म्हाताऱ्याने हे सगळं बघितलं. १९७३ मध्ये तो गेला.

जाता जाता एक गोष्ट. ड्रमच्या खोडाला बाजूला एक बारीक छिद्र असतं, काडी पडली की आतली हवा तिथून बाहेर पडते. कंपनीचा बिल्ला बहुतेक वेळा त्याच छिद्रावर, मधे एक पोकळ रिबिट ठोकून बसवलेला असतो. जुनं खोड साफ करताना रिबिट काढलं, की बिल्ला गळून पडतो. कुठल्या भंगारवाल्याकडे किंवा बंद पडलेल्या बॅण्डच्या सामानात असा ड्रम दिसला, तर तो बिल्ला आधी वाचा. ‘डब्ल्यूएफएल’ असेल, तर ते खोड विल्यमने १९३७ मध्ये काढलेल्या कारखान्यातलं. बिल्ला जपून काढा, आणि ड्रम तयार झाला की परत त्याच छिद्रावर लावा.