लोकमान्य टिळक आणि महायुद्धकाळातील लोकनिधी

मंडालेच्या कारावासातून जून १९१४ मध्ये लोकमान्य बाळ गंगाधर टिळक पुण्यास परतले. अवघ्या काही आठवड्यांतच युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. संकटसमयी सरकारला साहाय्य करावे, असे लोकमान्यांनी जाहीरपणे सांगितले. मात्र साहाय्य करणाऱ्या प्रजेला स्वराज्याचा हक्कही मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका पुढील चार वर्षांत अधिकाधिक स्पष्ट होत गेली.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली. तिच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रांत व वऱ्हाडही होता. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा मराठीभाषी मुलूख तेव्हा याच प्रांताच्या छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. युद्धकाळात अलीबंधूंना सरकारने स्थानबद्ध करून ठेवले होते, तेही छिंदवाड्यासच.

२३ जुलै १९१६ रोजी लोकमान्यांच्या साठीनिमित्त पुणेकरांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्यांनी ती स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्यास वाहिली. त्याच दिवशी सरकारने त्यांच्या हाती जामिनाची नोटीस ठेवली. ९ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. डिसेंबरात लखनौला मिरवणुकीच्या वेळी तरुणांनी गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली.

१९१७ मध्ये हिंदुस्थानच्या वतीने दहा कोटी पौंडांचे युद्धसाहाय्य जाहीर झाले व कर्जरोख्यांची मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी संरक्षण दल उभारण्यात आले. गोऱ्यांना त्यात भरती सक्तीची, तर हिंदी लोकांना ऐच्छिक होती. तरुणांनी कवायत शिकावी, शस्त्र हाती घ्यावे, म्हणून लोकमान्यांनी भरतीचा पुरस्कार केला. १९१८ च्या आरंभी विलायतेस जाणाऱ्या शिष्टमंडळासाठी त्यांनी विदर्भात फिरून निधी जमवला. परंतु कोलंबोस पोहोचताच शिष्टमंडळाचे परवाने रद्द झाले.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांचे भाषण मध्येच थांबवले. स्वराज्याविना संरक्षणाची भाषा व्यर्थ मानणारे लोकमान्य सभात्याग करून निघून गेले. हिंदी शिपायांना अधिकारपदे मिळण्याचे आश्वासन गांधीजींनी मिळवून द्यावे, म्हणजे आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, असे सांगून हमी म्हणून त्यांनी पन्नास हजारांचा धनादेशही गांधीजींकडे धाडला. साहाय्यास अट नसावी, या मताच्या गांधीजींनी तो परत केला. दोघांचा मार्ग भिन्न होता. तरी परिषदेतील अवमानाच्या निषेधार्थ १६ जूनला मुंबईत भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान गांधीजींनीच स्वीकारले.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. पुढील वर्षी त्यांच्या नावाने उभारलेल्या टिळक स्वराज्य निधीत एक कोटी रुपये जमले. युद्धाच्या वर्गणीमागे सरकारी अधिकाराचा धाक असे. या निधीमागे केवळ एका नावावरचा विश्वास होता. लोकाश्रयावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संस्थेला तोच विश्वास तारून नेतो.