भिंतीला चिकटलेलं पाणी

पातेल्यात पाणी घ्या, त्यावर तुळशीचं एक पान सोडा आणि पातेलं ओट्यावरच हलकेच गोल फिरवा. पातेलं फिरतं, पण मधलं पान सुरुवातीला जागचं हलत नाही. फिरवत राहिलात, तर कडेपासून आत आत पाणी ओढलं जातं आणि शेवटी पानही फिरू लागतं. हलणारी भिंत पाण्याला आपल्याबरोबर कशी नेते, याचं गणित मांडणाऱ्यांत मोठं नाव सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचं. आपल्यासारखेच तेही समुद्र ओलांडून परमुलखात गेलेले!

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यात, स्क्रीन या खेड्यात झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू, आणि जॉर्ज हे घरातलं शेंडेफळ. लहानपणी पोहताना एका लाटेने त्यांना जवळजवळ ओढून नेलं होतं, असं सांगतात. डब्लिनच्या शाळेत असतानाच वडील गेले. सोळाव्या वर्षी ते शिकायला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आले आणि १८३७ मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले. १८४१ मध्ये गणिताच्या परीक्षेत ते विद्यापीठात पहिले आले. पुढचं सगळं आयुष्य केंब्रिजमध्येच गेलं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आयर्लंडची फेरी त्यांनी सोडली नाही.

१८४५ मध्ये त्यांनी द्रवाच्या अंतर्गत घर्षणाची समीकरणं मांडली. फ्रान्सच्या नाव्हिए यांनी ती वेगळ्या वाटेने आधीच काढली होती. म्हणून आज ती दोघांच्या नावाने ओळखली जातात. पण एक प्रश्न अडला होता. भिंतीला टेकलेला पाण्याचा थर भिंतीला चिकटतो की तिच्यावरून घसरतो? चिकटतो असं धरून स्टोक्सनी नळातल्या प्रवाहाचं गणित केलं, तर उत्तर त्या काळच्या प्रयोगांशी जुळेना. त्यांनी आकडे ओढूनताणून बसवले नाहीत. जुळत नाही, हे सरळ मान्य केलं आणि प्रश्न उघडा ठेवला. ते प्रयोग खळबळत्या प्रवाहाचे होते आणि गणित शांत प्रवाहाचं, हा उलगडा पुष्कळ नंतर झाला.

उत्तराकडे त्यांना नेलं लंबकाने. गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी तेव्हा लंबक वापरत, पण भोवतालची हवा त्याचा झोका मंदावते. ती चूक किती, हे शोधताना १८५० मध्ये त्यांनी द्रवात मागेपुढे सरकणाऱ्या सपाट भिंतीचं गणित सोडवलं. या वेळी लगतचा थर भिंतीबरोबरच चालतो, असं धरलं. तो थर शेजारच्याला ओढतो, तो पुढच्याला, आणि ओढ कमी कमी होत जाते. दोन सेकंदांच्या झोक्याला पाण्यातली ही हालचाल काही मिलिमीटरमध्येच विरते. या वेळी हिशेब लंबकाच्या प्रयोगांशी छान जुळले.

१८४९ मध्येच त्यांना केंब्रिजमधलं न्यूटनचं अध्यासन मिळालं होतं. तिथे ते मरेपर्यंत, म्हणजे तब्बल ५३ वर्षं राहिले. १८५७ मध्ये त्यांनी आयर्लंडमधल्या आर्माच्या खगोलशास्त्रज्ञाच्या मुलीशी, मेरी रॉबिन्सनशी लग्न केलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यापायी कॉलेजची फेलोशिप सोडावी लागली. नियम बदलल्यावर, बारा वर्षांनी, ती परत मिळाली. रॉयल सोसायटीचे ते एकतीस वर्षं सचिव होते. दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात, शंका सोडवण्यात दिवस जात आणि स्वतःचं संशोधन मागे पडे. पुढे ते सोसायटीचे अध्यक्ष झाले, खासदारही झाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं.

आज द्रवाचा प्रवाह संगणकावर शिकणारा विद्यार्थी बहुधा एका चौकोनी डब्यापासून सुरुवात करतो. तीन भिंती स्थिर, वरचं झाकण एकसारखं सरकतं. आत एक मोठा भोवरा उठतो आणि कोपऱ्यांत उलटे फिरणारे छोटे. आपला प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे पाहायला मुलं अजूनही १९८२ च्या एका निबंधातले तक्ते काढतात. तो लिहिला होता अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या उर्मिला घिया, किर्ती घिया आणि शिन यांनी. तक्ता उघडण्याआधी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहावी लागते: भिंतीलगतच्या पाण्याचा वेग भिंतीइतकाच. ज्या गोष्टीवर स्टोक्स पाच वर्षं अडून होते, ती आता मुलं एका ओळीत लिहून पुढे जातात. समीकरणांचं मूळ कोडं मात्र सुटलेलं नाही. त्यांची उत्तरं कायम सुरळीत राहतात का, हे सिद्ध करणाऱ्याला २००० साली जाहीर झालेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस अजून कुणी नेलेलं नाही. घरात गणिताची आवड असलेलं कुणी असेल, तर पातेलं आणि तुळशीचं पान त्याच्यापुढे जरूर ठेवा.