नांगर अडला, ट्रॅक्टर उठला!

कांद्याच्या सीझनमध्ये निफाडहून लासलगावच्या रस्त्याला लागलात, की तुमच्या बाईकपुढे एखादी तरी ट्रॉली असतेच. हॉर्न वाजवून वैतागण्याआधी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जरा नीट बघा. तिथल्या जोडणीवर एका माणसाने अख्खं आयुष्य घालवलंय. हॅरी फर्ग्युसन. हो, ‘मॅसी फर्ग्युसन’मधला तोच!

आयर्लंडमधल्या शेतकरी कुटुंबात १८८४ साली तो जन्मला. शेतीत मन रमेना, म्हणून बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये लागला. १९०९ मध्ये तर पठ्ठ्याने स्वतः बनवलेलं विमान उडवलं. आयर्लंडमध्ये असं करणारा तो पहिलाच.

पहिल्या महायुद्धात धान्य जास्त पिकवायचं होतं. सरकारने ट्रॅक्टरवर देखरेखीचं काम त्याला दिलं आणि खरी गडबड त्याच्या लक्षात आली. तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. फाळ दगडात अडकला की चाकं थांबायची, पण इंजिनाचा जोर थांबायचा नाही. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो मागे, थेट ड्रायव्हरच्या अंगावर उलटायचा. यात माणसं मेली.

ट्रॅक्टर आणखी जड करा, असा सरळ उपाय होता. फर्ग्युसनने उलटा विचार केला : वजन वाढवू नका, आहे ते योग्य जागी आणा. खाली दोन दांडे, वर एक, अशा तीन ठिकाणी त्याने नांगर जोडला आणि उचलायला हायड्रॉलिक लावलं. आता नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढायची आणि वरचा दांडा ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून धरायचा.

१९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला. पुढे फोर्डच्या नातवाने तो मोडला. फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर घेऊनच थांबला. तोवर कॉव्हेंट्रीत त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर बनू लागला होता. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले. १९६० मध्ये तो गेला.

त्याने ट्रॉलीही बनवली. दोनच चाकं, तीही मागे सरकवलेली. म्हणजे मालाचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यायचा.

हे आज तुमच्या कामाचं आहे. दोनचाकी ट्रॉलीत माल मागच्या टोकाला रचला, तर पुढची बाजू उचलते, ट्रॅक्टरची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते. सगळा पुढे कोंबला, तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॉली जास्त उंचीवर जोडली, तर चढाला तोंड उठायचा धोका वाढतो. सुट्टीत घरची ट्रॉली भरायला जाल, तेव्हा किती भरला याआधी कुठे भरला ते बघा.